लिफ्टवाला अपोलो

थॉमस मकेलर हे नाव तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. मीही गेल्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं. पण तुमच्यापैकी कोणी बॉस्टनला आला असाल आणि इथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये चक्कर मारली असेल, तर तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. एकदा नाही, अनेकदा. मुख्य जिन्यावर आणि घुमटात जे गोरेपान ग्रीक देव रंगवलेत ना, त्यातल्या बहुतेकांचं अंग त्याचं आहे. कधी अपोलो, कधी आणखी कोणी वीरपुरुष, आणि (हे वाचून मला आधी हसू आलं) कधी कधी देवीसुद्धा.

हा थॉमस मकेलर काळा होता. बॉस्टनच्या कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर व्हेंडोम नावाचं एक श्रीमंती हॉटेल होतं, तिथे तो लिफ्ट चालवायचा. जन्म १८९० चा, नॉर्थ कॅरोलायनामधल्या विल्मिंग्टनचा. १८९८ मध्ये त्याच गावात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने निवडून आलेलं नगर सरकार उलथवलं आणि काळ्या रहिवाशांना ठार मारलं. तेव्हा हा आठेक वर्षांचा असणार. पुढे तो उत्तरेला आला, हॉटेलात नोकरीला लागला आणि १९१६ च्या सुमारास त्याच्या लिफ्टमध्ये जॉन सिंगर सार्जंट नावाचा साठीचा चित्रकार शिरला.

सार्जंट म्हणजे तेव्हाचा सुपरस्टार. अमेरिकन आई-बापांचा, इटलीत फ्लॉरेन्सला जन्मलेला, पॅरिसमध्ये शिकलेला. श्रीमंत लोक त्याच्याकडून पोर्ट्रेट काढून घ्यायला रांगा लावायचे. १८८४ मध्ये त्याने पॅरिसच्या प्रदर्शनात एका उच्चभ्रू बाईचं चित्र लावलं, काळ्या गाऊनमधलं. त्या गाऊनचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला दाखवला होता. बास. एवढ्यावरून एवढा गदारोळ झाला की नंतर त्याला तो पट्टा पुन्हा रंगवून जागेवर बसवावा लागला! म्हणजे पूर्ण कपडे घातलेल्या बाईच्या एका पट्ट्याने लोकांची झोप उडाली आणि त्याच शहरातल्या कलाशाळांमध्ये रोज सकाळी नागडी माणसं समोर उभी करून चित्रं काढायला शिकवत होते. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. ह्या विसंगतीवरच खरं तर एक वेगळा लेख होईल. असो.

१९१६ मध्ये ह्या म्युझियमने सार्जंटला घुमट रंगवायचं काम दिलं. त्याला हवा होता एक मॉडेल. लिफ्टमधला पंचविशी ओलांडलेला, कसलेल्या अंगाचा मकेलर त्याला दिसला आणि पुढची आठ-नऊ वर्षं, १९२५ मध्ये सार्जंट मरेपर्यंत, हा त्याचा मुख्य मॉडेल होता. त्याला समोर बसवून सार्जंटने कोळशाने ढीगभर अभ्यासचित्रं काढली. त्यातली दहा त्याने १९२१ मध्ये आपल्या जुन्या मैत्रिणीला, इझाबेला स्टुअर्ट गार्डनरला देऊन टाकली. तिने स्वतःचं म्युझियम काढलं होतं. (तेच, जिथे १९९० मध्ये मोठी चोरी झाली आणि अजून रिकाम्या फ्रेमा लटकतात.) ती दहा चित्रं तिथे वर्षानुवर्षं पडून होती. त्यांच्यावरचं प्रदर्शन अखेर २०२० च्या फेब्रुवारीत उघडलं. महिन्याभरात करोना आला आणि म्युझियमलाच कुलूप लागलं. नशीब बघा माणसाचं!

मी तेव्हा इथे नव्हते. प्रदर्शनाचं पुस्तक मला यंदा पब्लिक लायब्ररीत मिळालं आणि तीन आठवडे ते माझ्या उशाशी आहे. कागदावरची अशी जुनी चित्रं उजेडाने खराब होतात, त्यामुळे म्युझियमं ती कायम भिंतीवर लावून ठेवत नाहीत. तेव्हा पुस्तक तर पुस्तक.

आता तुम्ही म्हणाल, कोड पाडणाऱ्या बाईला हे नसतं खूळ कुठून लागलं? तर झालं असं की गेल्या सप्टेंबरपासून मी दर शनिवारी सकाळी एका कम्युनिटी सेंटरमध्ये चारकोल शिकायला जाते. विकांताला कॉस्टको आणि लॉन्ड्री सोडून काहीतरी करावं, एवढाच उदात्त हेतू होता. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत आणि जुन्या पद्धतीच्या कट्टर. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे कोणी स्वतःला व्यक्त करायचं नाही. आधी दिसतं ते काढायचं."

ही जुनी पद्धत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. (इंजिनियर असल्यामुळे प्रोसेस म्हटलं की मला उकळ्या फुटतात.) पॅरिसची राजेशाही कला अकादमी १६४८ ची. तिथे विद्यार्थ्याला एकदम माणसासमोर बसवत नसत. आधी दुसऱ्यांची चित्रं बघून नक्कल करायची. मग प्लास्टरचे पुतळे, म्हणजे ग्रीक-रोमन मूर्तींचे साचे, बघून काढायचे. हे हाताला बसलं की मगच जिवंत, विवस्त्र मॉडेल. ह्या शेवटच्या पायरीवर जे चित्र निघायचं त्याला फ्रेंचमध्ये 'आकादेमी'च म्हणायचे. संस्थेचं नाव आणि नग्न चित्राचं नाव एकच! पुढे शार्ल बार्ग नावाच्या माणसाने ज्याँ-लिऑं जेरोमच्या मदतीने ह्या शिक्षणाचं एक ट्यूटोरियल काढलं. एकूण १९७ पाटे. त्यातले शेवटचे ६० खास कोळशाने माणूस काढायच्या तयारीसाठी. व्हॅन गॉगने हे पाटे घरी बसून घोटले होते. म्हणजे ऑनलाइन कोर्स करून डेव्हलपर झालेल्यांचा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही.

आम्हीही तसंच केलं. चार आठवडे बार्गच्या नकला, तीन आठवडे प्लास्टरचा पाय, प्लास्टरचं नाक, प्लास्टरचा कान. मला वाटायचं, कंटाळा येईल. उलट इतकी शांत झोप मला रिलीजच्या आठवड्यातही कधी लागली नव्हती. (रिलीजच्या आठवड्यात झोपच नसते, पण मुद्दा लक्षात घ्या.) कोळसा ही फार मजेची चीज आहे. द्राक्षवेलीच्या किंवा विलोच्या काड्या हवा लागू न देता भाजायच्या, की झाला चारकोल. कागदावर तो चिकटत नाही, नुसता बसतो. फुंकर मारली की उडतो, बोट लागलं की पसरतो. पूर्वी तो पुसायला पावाचा मऊ गर वापरायचे. आता मिळतो तो खोडरबर कणकेच्या गोळ्यासारखा असतो, मळायचा, टोक काढायचं आणि काळ्यातून उजेड उचलायचा. हो, उचलायचाच. गालाचं हाड आपण काढत नाही, तिथला कोळसा काढून घेतो. आणि एका हातात ओळंबा. आपले गवंडी भिंत सरळ आहे का बघायला लावतात तोच, दोऱ्याला टांगलेलं वजन. हनुवटीचा खड्डा कुठल्या पायाच्या घोट्यावर येतो, ते त्याने तपासायचं. अंगाचा सगळा भार एका पायावर असेल तर मान बरोब्बर त्या पायाच्या घोट्यावर येते. आपल्याकडे मूर्तींच्या त्रिभंगात हेच आहे, फक्त आपले देव जास्त लचकतात.

आठव्या शनिवारी मॉडेल आला.

इथे थोडं थांबते, कारण मला माहितीये तुम्ही इथेच थांबणार आहात. ऑफिसात मी सांगितलं तेव्हा आमच्या टीममधल्या एका सज्जनाने डोळे मिचकावून विचारलं, "म्हणजे... सगळंच?" हो रे बाबा, सगळंच. तो आला, पडद्यामागे गेला, गाऊन घालून बाहेर आला, उंचवट्यावर चढला, गाऊन काढून खुर्चीवर ठेवला, बाईंनी सांगितली तशी पोझ घेतली आणि टायमर लागला. पहिली वीसेक सेकंदं माझे कान गरम होते. मग बाई मागून म्हणाल्या, "नितंबांची रेषा खांद्याच्या उलट चालली आहे, बघितलंस का?" आणि मी बघितलं, आणि खरंच चालली होती. त्यानंतर तो मला नागडा दिसलाच नाही. रेषा, वजन, सावली दिसत राहिली. पाच मिनिटांनी ब्रेक झाला, त्याने गाऊन घातला, आणि त्या क्षणी मला पुन्हा लाज वाटली. कपडे घातलेल्या माणसाकडे आपण मघाशी कसे बघत होतो, ते तेव्हा जाणवलं.

बाईला हे बघायचा हक्क मिळणं सोपं नव्हतं, हेही सांगून टाकते. पॅरिसच्या एकोल दे बोझारने मुलींना प्रवेश दिला तो १८९७ मध्ये. त्याच्या अकरा वर्षं आधी, १८८६ मध्ये, फिलाडेल्फियाला थॉमस ईकिन्स नावाच्या मोठ्या चित्रकार-शिक्षकाने मुली हजर असलेल्या वर्गात एका पुरुष मॉडेलचं लंगोटवजा फडकं काढलं, तर त्याला अकादमीतून राजीनामा द्यावा लागला. आणि मानवी शरीर न शिकता देव-देवता, राजे, युद्धं अशी 'मोठी' चित्रं काढता यायची नाहीत. म्हणजे बायकांनी फुलं आणि मांजरं काढावीत, आणि मग लोकांनी म्हणावं की बायका फुलं आणि मांजरंच काढतात!

तर सार्जंटची ती चित्रं. आठव्या शनिवारनंतर मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि मला वेगळंच दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे वेग. ही चित्रं सुबक नाहीत. छाती, बरगड्यांची कमान, पोटाचे स्नायू, मांडीचा वळसा, हे सगळं दणकून, खात्रीने. आणि बाकीचं सोडून दिलेलं. कारण त्याला ते नकोच आहे. तो घुमटासाठी सुटे भाग गोळा करतोय. एखादा हात वर उचलल्यावर काखेपासून बरगडीपर्यंत कातडी कशी ताणली जाते, एवढंच त्या दिवसाचं तिकीट. आम्ही ज्याला रियूजेबल कंपोनंट म्हणतो, अगदी तेच. काही कागदांवर चेहरा आहे, काहींवर नाहीच.

दुसरी गोष्ट कळायला मला स्वतः कोळसा हातात घ्यावा लागला. ती अशी, की कोळशाच्या चित्रात काळं म्हणजे काय? सावली की रंग? पांढऱ्या प्लास्टरच्या पुतळ्यावरही आपण काळ्यानेच काम करतो. तिथे प्रत्येक काळा ठिपका म्हणजे उजेडाचा अभाव. पण माणसाची कातडीच सावळी असेल तर? तिचा स्वतःचा एक रंग असतो आणि त्याच्यावर सावली असते. ही दोन काळी वेगळी करायची कशी? आमच्या बाई म्हणतात, डोळे बारीक करून बघ, इतके बारीक की पापण्या मिटायला आल्या पाहिजेत. मग तपशील जातो आणि फक्त उजेड-अंधार उरतो. तरी प्रश्न सुटत नाही. चित्रकाराला ठरवावं लागतं. एक तर कातडीचा रंग धरायचा आणि सगळं चित्र एक पायरी खाली उतरवायचं. नाहीतर कातडी हा कोरा कागदच आहे असं समजायचं आणि फक्त सावली लावायची.

प्लास्टरवर हात बसवणारी सगळी पद्धतच मुळी ह्या दुसऱ्या उत्तराची सवय लावते, हे तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आम्ही सात आठवडे पांढऱ्या वस्तू काढल्या होत्या. त्यानंतर समोर कुठलाही माणूस आला तरी हात त्याला आधी पांढरा धरतो आणि मग सावली लावतो. (गंमत म्हणजे ते मूळचे ग्रीक पुतळे रंगवलेले असायचे. रंग उडाले, आणि उरलेल्या पांढऱ्यालाच लोकांनी आदर्श मानलं.) सार्जंटच्या काही कागदांवर, जिथे फक्त धड आहे, तिथे हा माणूस काळा आहे की गोरा ते नुसतं बघून सांगता येत नाही. चेहरा आणि केस आले की लगेच कळतं. आणि तिथे, मला वाटतं, सार्जंटचा हात बदलतो. चेहरा तो भागांसारखा काढत नाही, माणसासारखा काढतो. हे माझं मत. कलासमीक्षक काही वेगळं म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आता ह्या कागदावरून घुमटाकडे जा. तिथे देव हस्तिदंती आहेत, पाठीमागे निळं आकाश. कोपरा तोच, बरगडीची कमान तीच, मांडी तीच. चेहरा मात्र गेला. त्या जागी प्राचीन पुतळ्यांच्या साच्यातलं सरळ नाक आणि कोरे डोळे. कातडी गेली. मी एका रविवारी पुस्तकातल्या पानांचे फोटो फोनवर घेऊन तिथे दोन तास उभी होते, डिफ मारल्यासारखी. जुनी फाइल, नवी फाइल. काय ठेवलं, काय उडवलं. एक सुरक्षारक्षक दोनदा येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना.

सार्जंटने मकेलरचं एक मोठं तैलचित्रही केलं होतं. उशीवर बसलेला, गुडघे फाकलेले, डोकं मागे टाकून वर उजेडाकडे बघणारा. तपकिरी कातडीवरचा प्रकाश असा काही रंगवलाय की बस. ते कुठल्या ऑर्डरीसाठी नव्हतं, सार्जंटने ते स्वतःपाशीच ठेवलं होतं. म्युझियमने ते विकत घेतलं १९८६ मध्ये, म्हणजे त्याच माणसाचं गोरं अंग छताला लागून साठेक वर्षं होऊन गेल्यावर. म्हणजे सार्जंटला तो दिसत नव्हता असं नाही. पुरेपूर दिसत होता. सार्जंटने लग्न केलं नाही, खाजगी आयुष्याचा थांग लागू दिला नाही, आणि ह्या चित्रात नुसता अभ्यास आहे की ओढ आहे यावर लोक बरंच लिहितात. मला विचाराल तर ओढ आहे. पण ओढ असली म्हणून माणूस समोरच्याला न्याय देतोच असं कुठाय?

ह्या सगळ्यात मला सगळ्यात बोचली ती गोष्ट घुमटातली नाहीच. १९२३ मध्ये सार्जंटने हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांचं पोर्ट्रेट केलं. मोठी मंडळी तासन् तास बसत नाहीत, मग अंगासाठी कोणाला बसवायचं? मकेलरला. आणि हे लोवेल कोण? ज्यांनी १९२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या काळ्या विद्यार्थ्यांना हार्वर्डच्या वसतिगृहात राहायला बंदी केली ते. म्हणजे वसतिगृहात काळी मुलं नकोत, पण साहेबांच्या झग्याच्या आत, चित्रात, काळा माणूस बसलेला! आणि वर साहेबांचं डोकं. माझा विश्वास बसेना, मी तो परिच्छेद पुन्हा वाचला.

आमच्या धंद्यात 'बॉडी शॉपिंग' म्हणून एक शब्द आहे. सर्व्हिस कंपनीतल्या कोणालाही विचारा. माणूस भाड्याने क्लायंटकडे पाठवायचा, तासावर बिल लावायचं. तुम्ही लिहिलेल्या कोडवर क्लायंटचं नाव, सादरीकरण क्लायंटचा मॅनेजर करणार, आणि तुम्ही करारावर सही केलेली असते म्हणून बायोडेटात प्रोजेक्टचं नावही लिहायचं नाही. 'एक आघाडीची अमेरिकन बँक' असं लिहायचं. मकेलरबद्दल वाचताना हा शब्द मला आठवत राहिला. पण तुलना मी फार ताणणार नाही. मला एसी आहे, व्हिसा आहे, चिडले तर राजीनामा टाकून घरी जाता येतं, आणि घरी कोणी जमाव घेऊन येत नाही. तो मॉडेलिंग संपल्यावर पोस्टात नोकरी करत राहिला आणि १९६२ मध्ये गेला. शब्द मात्र तोच आहे, बॉडी.

हे सगळं आपल्याकडेही पोचलं, बरं का. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे इंग्रजांनी हाच क्रम आणला, प्लास्टरचे ग्रीक पुतळे बघून काढायचे वगैरे. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख झाले, त्यांनी विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचे वर्ग सुरू केले. म्हणजे इकडे मकेलर उशीवर बसत होता साधारण त्याच सुमाराला तिकडे मुंबईत कोणी बाई किंवा बुवा उंचवट्यावर उभे राहू लागले. रवी जाधवांचा 'न्यूड' तुम्ही पाहिला असेल. जे.जे.मध्ये मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीतून तो वगळला, २०१८ मध्ये थिएटरात आला. मी तो कॉलेजच्या ग्रुपबरोबर पाहिला होता, आणि आईला सांगितलं होतं दुसऱ्याच सिनेमाचं नाव. आणि २०२४ मध्येसुद्धा मुंबईच्या कस्टम्सने सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं अश्लील म्हणून अडकवून ठेवली होती, हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. सूझा आणि पदमसी! म्हणजे शंभर वर्षं शिकवतोय आणि कस्टम्सच्या साहेबांचे कान अजून गरमच.

आईवरून आठवलं. परवा व्हिडिओ कॉल चालू होता आणि माझ्या मागे भिंतीला मी शनिवारचं चित्र टेपने चिकटवलेलं होतं. विसरलेच होते. आईच्या लक्षात आलं, ती बोलता बोलता गप्प झाली.

"ते मागे काय लावलंयस गं?"

"क्लासमधलं आहे. चारकोल."

"अंगावर काही नाहीये त्याच्या."

"नसतंच आई. अभ्यासासाठी असतं ते."

आता 'स्थळवाले कॉल करतील आणि हे दिसेल' हे येणार, म्हणून मी मनातल्या मनात बार्गची, ईकिन्सची, अकादमीची सगळी आर्ग्युमेंट्स लाइनीत उभी केली. आई चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

"बराच वेळ उभा होता का?"

"वीस-वीस मिनिटं. मधे ब्रेक."

"एकाच पायावर भार दिलाय त्याने. पोटरी बघ कशी झालीये. रात्री गोळे येत असतील." आईने तीस वर्षं प्राथमिक शाळेत उभं राहून शिकवलंय, तिचे पाय व्हेरिकोजचे आहेत. "मधे काही खायला देता का त्याला?"

"कॉफी असते."

"नुसती कॉफी? उघड्या अंगाने उभं राहायचं, थंडीत, आणि नुसती कॉफी?" मग बराच वेळ तिने मला सुनावलं, आणि स्थळांचा विषय राहूनच गेला.

तिने मागच्या महिन्यात पाठवलेला पातळ पोह्यांचा चिवडा होता, तो शनिवारी डब्यात भरून नेला. ब्रेकमध्ये फिरवला. मॉडेलने गाऊनच्या बाह्या सावरून मूठभर घेतला, आवडला म्हणाला, आणखी घेतला. त्यातून एक तळलेली हिरवी मिरची बोटांनी उचलून मला विचारलं, हे काय आहे. मी नीट सांगेपर्यंत ती तोंडात गेली होती. पुढची वीस मिनिटांची पोझ बिचाऱ्याने डोळ्यांतून पाणी गाळत दिली, पण हलला नाही.